चोर्ल्याच्या चढावरचं किटाळ

२०२४ च्या जुलैतली गोष्ट. रात्रीची जेवणं आटोपून मी उत्तरपत्रिका घेऊन बसले होते, तेवढ्यात वाळपईहून आईचा फोन आला. आईचा फोन रात्री नऊनंतर आला की छातीत धस्स होतं. पण तिची तब्येत ठीक होती. बिघडलं होतं ते वेगळंच. "तुझ्या भावानं त्या पोराला गाडीवरनं काढलं," ती म्हणाली. "पेट्रोल चोरतो म्हणे. मला नाही पटत. पण तो कोणाचं ऐकतोय! उगीच गरिबाच्या माथी किटाळ नको ग."

किटाळ! मी मराठीची प्राध्यापक, त्यामुळे असला शब्द कानावर आला की विषय बाजूला राहतो आणि मी शब्दामागे जाते. किटाळ म्हणजे ठिणगी. आईच्या तोंडी तो शब्द दोन्ही अर्थांनी येतो. चुलीतून उडून लुगड्यावर पडतं तेही किटाळ आणि नसलेल्या गुन्ह्याचा आळ येतो तेही किटाळ. पुस्तकी मराठीत आता दुसराच अर्थ तेवढा उरला आहे. पुढच्या चार दिवसांत या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच गाडीच्या इंजिनात भेटतील, हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

आधी गाडीविषयी सांगते. माझं माहेर वाळपईचं, सासर बेळगावचं. घरी आमच्या अत्ती कन्नड बोलतात, मी त्यांच्याशी कन्नड बोलते, मुलं दोन्हींची खिचडी करतात. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हेच असेल. धाकटा भाऊ वाळपईतच असतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, सीमा बंद झाली आणि बेळगावची भाजी येईना म्हणून गोव्यात कोथिंबिरीच्या जुडीसाठी लोक कासावीस झाले, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या वर्षी त्यानं कर्ज काढून एक वापरलेली छोटी मालगाडी घेतली. चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. आठवड्यातून तीन खेपा. रिकामी गाडी घेऊन केरीवरून चोर्ला घाट चढायचा, कणकुंबी, जांबोटी करत बेळगावच्या भाजी मार्केटला यायचं, माल भरून पहाटेच्या आत परत. जाऊन येऊन एकशे चाळीस किलोमीटरच्या आसपास. जाताना गाडी पूर्ण रिकामी नसतेच म्हणा, कधी नारळ, कधी सुपारी, सीझनला काजू. सुरुवातीला तो स्वतः चालवायचा. कंबरदुखी सुरू झाल्यावर त्यानं कणकुंबीकडचा एक पोरगा ठेवला. बावीस-तेवीस वर्षांचा, कमी बोलणारा, कन्नड माध्यमात शिकलेला. भावाशी मोडक्या मराठीत बोलायचा आणि त्याला 'अण्णा' म्हणायचा.

त्या वर्षी मे महिन्यापासून गाडीचं अ‍ॅव्हरेज उतरायला लागलं. लिटरला साडेचौदा देणारी गाडी अकरावर आली. भावाचा हिशेब पक्का: एका खेपेला आधी साधारण दहा लिटर पेट्रोल लागायचं, आता तेरा लागतं. मग तीन लिटर जातं कुठं? त्यातून आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट. गोव्यात पेट्रोल कर्नाटकापेक्षा स्वस्त, लिटरमागे पाच-सात रुपयांचा तरी फरक. वाळपईत टाकी भरून कणकुंबीच्या वर नेली की तीन लिटरला गिऱ्हाईक मिळायला कितीसा वेळ? आठवड्याला नऊ लिटर म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास. बँकेचा हप्ता भरणाऱ्या माणसाला ही रक्कम टोचते. भावाचा संशय अगदीच हवेतला होता असं मी म्हणणार नाही. मी त्याच्या जागी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

पोरगा एकच सांगत होता की गाडी घाटात ओढत नाही, धक्के देते. म्हणून भावानं दोनदा स्वतः गाडी चालवून पाहिली. कुठं? वाळपई ते होंडा आणि परत, सपाट रस्त्यावर, रिकामी. गाडी लोण्यासारखी चालली. झालं, पोरगा खोटारडा ठरला. एका शहरातल्या मोठ्या गॅरेजलाही गाडी दाखवून झाली होती. तिथं 'इंजिन खोलावं लागेल, पंचवीस हजार धरून चाला' असं सांगितलं. तेवढे पैसे भावाकडे नव्हते. म्हणजे एकतर इंजिन गेलंय किंवा पोरगा चोर आहे. त्यातलं दुसरं स्वस्तात पडणारं होतं. आठ दिवसांचा पगार अडकवून त्यानं पोराला घरी पाठवलं.

शनिवारी मी वाळपईला गेले. पाऊस असा की रस्त्याच्या कडेचं पाणी आणि रस्ता वेगळा ओळखू येईना. वाळपईचा पाऊस म्हणजे गोव्यातही नाव काढावं असा. अंगणात ताडपत्रीखाली गाडी उभी. भाऊ काही बोलायच्या मनःस्थितीत नव्हता. मी आपली दार उघडून आत बसले, तर समोरच्या कप्प्यात सुतळीला बांधलेली एक वही. तारीख, किलोमीटर, भरलेलं पेट्रोल, मालाची पोती, सगळं पोरानं ओळीनं लिहिलेलं. आकडे आपले सगळीकडचे इंग्रजी, ते भाऊ वाचायचा. पण आकड्यांच्या पुढे शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात कन्नड मजकूर होता. तो भावाला वाचता येत नाही, आणि 'काहीतरी लिहितो झालं' म्हणून त्यानं कधी विचारलंही नव्हतं.

मी वाचायला लागले. १४ मे: 'घाटदल्ली एळेयुवुदिल्ल'. घाटात ओढत नाही. १७ मे: तेच. २४ मे: पाऊस पडला, जास्त धक्के. जूनमध्ये तर जवळजवळ प्रत्येक ओळीत. एका ठिकाणी लिहिलं होतं, पिवळा दिवा लागलाय, अण्णांना सांगितलं. ज्या दिवशी पाऊस त्या दिवशी पेट्रोल जास्त, हेही शेजारच्या आकड्यांवरून स्पष्ट दिसत होतं. चोर कधी इतकी नीट वही लिहितो का? मी भावाला बाहेर बोलावून एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. तो ऐकून घेत उभा राहिला. मग म्हणाला, "तो दिवा कधीपासून पेटलेलाच आहे ग ताई. मला वाटलं, दिवाच बिघडलाय."

वाचकहो, हे वाक्य तुमच्याही घरात कोणीतरी म्हटलं असेल. इंजिनाच्या चित्राचा तो पिवळा दिवा सजावटीसाठी दिलेला नसतो. तो एकसारखा पेटला तर लवकर दाखवून घ्या, आणि लुकलुकायला लागला तर गाडी जास्त ताणू नका. न जळलेलं पेट्रोल धुराड्यात जाऊन तिथला धूर शुद्ध करणारा भाग जाळतं, आणि तो भाग फार महाग असतो.

वाळपईत एक मिस्त्री आहेत, मूळचे धारवाडकडचे. पत्र्याची शेड, दोन पोरं हाताखाली. भावाची ओळख जुनी, पण बोलणं कामापुरतं. मी कन्नडमध्ये "नमस्कार री" म्हटल्याबरोबर त्यांनी स्टूल पुसून पुढं केलं. मी वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली, वही मिटली आणि भावाला एकच प्रश्न विचारला, "प्लग कधी बदलले?"

भावाला उत्तर देता येईना. गाडी घेतली तेव्हा वीस हजार किलोमीटर झाली होती, आता ऐंशी हजारांच्या घरात. जुन्या बिलांत ऑइल होतं, फिल्टर होते, ब्रेकचं काम होतं. प्लगचा उल्लेख कुठंच नव्हता.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण ट्रकला प्लग असतो हेच पुष्कळांना खरं वाटत नाही. त्यात चूक काही नाही. आपण लहानपणापासून पाहिलेले ट्रक डिझेलचे. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती नुसत्या दाबानंच तापते आणि आत उडवलेलं डिझेल आपोआप पेटतं, ठिणगी लागतच नाही. थंडीत मदतीला असतो तो हीटर प्लग, त्याचं काम निराळं. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या रस्त्यांवर अमेरिकन बनावटीचे पेट्रोलचे ट्रक पुष्कळ होते, त्यांना प्लग असायचे. १९५४ मध्ये टेल्कोनं डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेलचे ट्रक बनवायला सुरुवात केली आणि हळूहळू मालवाहतूक सगळी डिझेलवर गेली. आता प्लग परत आला आहे तो छोट्या गाड्यांतून. मारुतीची सुपर कॅरी २०१६ मध्ये आली तेव्हा डिझेलची होती, दोन वर्षांत तिला पेट्रोलचं इंजिन आलं. डिझेलवर वाढलेल्या टाटा एसलाही २०२० मध्ये पेट्रोलचं रूप मिळालं. सीएनजीवरच्या गाड्यांनाही प्लग लागतोच. चालवणारे मात्र बरेचसे डिझेलवर शिकलेले. ऑइल, फिल्टर, टायर यांकडे त्यांचं लक्ष असतं. प्लग त्यांच्या हिशेबातच नसतो.

मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. या गाडीचं इंजिन सीटखाली असतं, तर सीट उचलून त्यांनी वरून नुसता पंजा धरला आणि म्हणाले, "गरम आहे. चहा घ्या." तासभर आम्ही चहा पीत पाऊस बघत बसलो. मला वाटलं, टाळाटाळ चाललीय. नंतर कळलं की हेच पहिलं काम. इंजिनाचा वरचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा असतो. गरम असताना प्लग फिरवला तर त्याचे आटेच सोलून निघतात, आणि पाचशे रुपयांचं काम खरोखर हजारांत जातं.

इंजिन निवल्यावर एका पोरानं हवेच्या पाइपानं प्लगांच्या खळग्यांतली धूळ उडवली. हे न करता प्लग काढला तर तीच धूळ सिलिंडरात जाते. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एकेक कॉइल बसवलेली असते. मिस्त्रींनी खडूनं त्यांवर १, २, ३, ४ असे आकडे घातले, मग एकेक जोड सुटी करून कॉइल जरा पिळत वर ओढली. लांब नळीसारखा प्लग पाना आत सोडला, झटका न देता फिरवला, आणि चारही प्लग काढून वर्तमानपत्राच्या तुकड्यावर क्रमानं मांडले. डॉक्टर नाडी बघतो तसं काही होणार, असं मला वाटत होतं. पण ते पत्रिका मांडल्यासारखं निघालं. "नोड्री अक्का," मिस्त्री म्हणाले, "इंजिनाच्या आत काय चाललंय ते हे चौघं सांगतात."

खरंच सांगत होते. १ आणि ४ नंबरच्या प्लगांचं टोक फिकट बिस्किटाच्या रंगाचं होतं. असा रंग असला की आत सगळं ठीक आहे. २ नंबरचा थोडा करडा, पण चालण्यासारखा. ३ नंबरचा मात्र काळाकुट्ट. मिस्त्रींनी ती काजळी दोन बोटांत चोळली. कोरडी होती, भुकटीसारखी. "ओली, तेलकट असती तर इंजिन खोलावं लागलं असतं," ते म्हणाले. कारण तेलकट काळा प्लग म्हणजे रिंगांतून किंवा व्हॉल्व्हमधून ऑइल वर येतंय. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल आलं, पण नीट जळलं नाही. आणि प्लग पांढराफटक, फोड आल्यासारखा झाला असेल तर इंजिन जास्त तापतंय किंवा प्लग चुकीच्या नंबरचा आहे. तरीही खात्री हवी म्हणून त्यांनी चारही भोकांत आळीपाळीनं गेज लावून दाब मोजला. चौघांचा जवळजवळ सारखा. इंजिन धडधाकट होतं. पंचवीस हजारांचं भूत तिथंच उतरलं.

मग ३ नंबरच्या प्लगचा पांढरा भाग त्यांनी चिंध्यांनी पुसला. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ होती, वरपासून खालच्या लोखंडी नटापर्यंत. पुसली जाईना. त्याच्यावर बसणारी कॉइलची रबरी टोपी उलटून पाहिली तर तिथंही आतून तसाच डाग, आणि एक बारीक चीर. त्या खळग्याच्या तळाशी गंजाचं कडं. म्हणजे पावसाचं पाणी तिथं झिरपत होतं. ठिणगी खाली टोकाशी पडायची ती या रेघेवरून बाहेरच्या बाहेर पळत होती.

आणखी एक. प्लगच्या टोकाशी दोन धातूंमध्ये फट असते, तिला गॅप म्हणतात. गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ती एक मिलिमीटरच्या आसपास हवी. फिलर गेजची पाती सरकवून पाहिली तर चारही प्लग दीड मिलिमीटरला टेकले होते. मधल्या टोकाच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. ठिणगी धारदार कडेवरून सहज उडते, गोल कडेवरून तिला जास्त जोर लागतो.

हे झिजणं कसलं, ते मी घरी कागदावर मांडून पाहिलं. तीन हजार फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनात एक प्लग मिनिटाला दीड हजार वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा. ताशी साठच्या वेगानं धरलं तर एका किलोमीटरला दीड हजार ठिणग्या. चाळीस हजार किलोमीटरला सहा कोटी! दर ठिणगीला धातूचा न दिसणारा कण जातो. म्हणून साधे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलायचे असतात. इरिडियमचे महाग प्लग जास्त टिकतात. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची वीज लागते, तेव्हा तिथं प्लगकडे आणखी लवकर बघावं लागतं. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडी वाळपई-होंडा रस्त्यावर लोण्यासारखी चालत होती आणि चोर्ल्यात अडखळत होती, हे दोन्ही खरं कसं? मिस्त्रींनी ते मला कन्नडमध्ये समजावलं, मी भावाला मराठीत सांगितलं. बॅटरीची वीज फक्त बारा व्होल्टची. कॉइल ती वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत चढवते, तेव्हा कुठं ठिणगी फट ओलांडते. सपाटीवर, रिकाम्या गाडीत आपण अ‍ॅक्सिलरेटर हलकाच दाबतो. सिलिंडरात हवा कमी, दाब कमी, ठिणगीला फट ओलांडायला फार जोर लागत नाही. झिजलेला प्लगही तेवढं निभावून नेतो. घाटात पाय पूर्ण दाबला की सिलिंडर हवेनं गच्च भरतं, दाब वाढतो, आणि तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. विजेचा स्वभाव आळशी. पुढची वाट अवघड झाली की ती सोपी वाट धरते. ३ नंबरला ती काळी रेघ सोपी होती, पावसात ओली झाल्यावर तर अधिकच. त्यामुळे चार घोड्यांपैकी तीनच ओढायचे, चौथ्याचं पेट्रोल न जळता धुरातून बाहेर जायचं. चढ सुटावा म्हणून पोरगा पाय आणखी दाबायचा. तीन लिटर तिथं जात होते.

भावानं गाडी तपासली होती खरी, पण जिथं ती कधी खोटं बोललीच नसती अशा रस्त्यावर.

"हुडुगंदु तप्पिल्ल्री," मिस्त्री म्हणाले. हे मला भाषांतर करावं लागलं नाही. भावाला समजलं.

नवे प्लग आणायला त्यांनी पोराला पाठवलं, तेही जुन्या प्लगावरचा नंबर चिठ्ठीवर लिहून देऊन. आट्यात बसला म्हणजे चालला असं नसतं. त्या अक्षर-आकड्यांत प्लग किती उष्णता बाहेर टाकतो तेही लिहिलेलं असतं. जास्त गरम राहणारा प्लग बसवला तर इंजिनाला अपाय, फार थंड राहणारा बसवला तर काजळी धरते. नकली मालही बाजारात असतो, त्यामुळे ओळखीच्या दुकानातून, बंद खोक्यातला घ्यावा. नव्या प्लगाचीही गॅप त्यांनी मोजून पाहिली. मग हातानं, पाना न लावता, आटे बरोबर धरलेत याची खात्री होईपर्यंत फिरवला. वॉशर टेकल्यावर पान्यानं अर्ध्या फेऱ्याहून थोडं जास्त. "जास्त जोर लावणारा माणूस पुढच्या माणसाचं काम बिघडवतो," असं ते पुटपुटले. ३ नंबरची रबरी टोपी नवी घातली. खळग्यावर पाणी कुठून येतं ते शोधून सीटखालची फाटलेली पट्टी बदलली. एकूण खर्च बाराशे रुपयांच्या आत.

हे सगळं बघताना मला आमच्या बाबांचा चेतक आठवत होता. पावसाळी सकाळी तो सुरू झाला नाही की बाबा त्याला एका अंगावर कलता करायचे, मग प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचे आणि फुंकर मारायचे. डिकीत चिंध्यांत गुंडाळलेला एक जादा प्लग कायम असे, 'मायको'चा. १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या त्या कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी आमच्याकडे प्लगला मायकोच म्हणत. बाबा प्लग इंजिनाला टेकवून किक मारायचे आणि निळी ठिणगी दिसली की आम्हा भावंडांना बोलावून दाखवायचे. आई आतून ओरडायची, "पोरांना त्या किटाळापासून लांब ठेवा!" (आजच्या गाड्यांवर हा प्रयोग कोणी करू नये. विजेचा झटका जबर असतो आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग जळतात.) भाऊ त्या वेळी सहा-सात वर्षांचा असेल. सगळ्यांत पुढं वाकून बघायचा तो.

संध्याकाळी पाऊस जरा उघडला. भाऊ म्हणाला, आत्ताच बघू. गाडीत नारळाची पोती टाकली, मी शेजारी बसले. केरीपर्यंत तो काही बोलला नाही. घाट लागला. पहिलं वळण, दुसरं. धुकं खाली उतरलेलं, दरीतून पाण्याचा आवाज. मी आपली धक्क्याची वाट बघत दाराची कडी धरून बसले होते. धक्का आला नाही. गाडी एका सुरात चढत राहिली. पिवळा दिवा मिस्त्रींनी आपल्या यंत्रावरून घालवला होता, तो परत लागला नाही. माथ्यावर, सीमेच्या अलीकडे भावानं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन चालूच ठेवून नुसतं ऐकत बसला.

"इथपर्यंत आलोय तर कणकुंबीला जाऊ," मी म्हटलं.

"आज?"

"मग कधी?"

पोराचं घर कणकुंबीच्या जरा अलीकडे, रस्त्यापासून आत. आई दारात आली. तिला आमची गाडी ओळखू आली आणि तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं असणार, आता पोलिसांचं काही घेऊन आले. मी कन्नडमध्ये बोलायला लागल्यावर तिनं घोंगडी पसरली. पोरगा मागून आला, ओले पाय पुसत. तो एका दुधाच्या गाडीवर बदलीवर जायला लागला होता.

वाटेत भावानं माझ्याकडून एक वाक्य शिकून घेतलं होतं. चार-पाच वेळा घोकलं होतं. पोरासमोर उभा राहिल्यावर त्याला त्यातले दोनच शब्द आठवले. "नन्न तप्पु," तो म्हणाला. पुढचं मराठीतच. खिशातून आठ दिवसांचा अडकवलेला पगार काढून दिला आणि चिंधीत गुंडाळलेला ३ नंबरचा प्लग त्याच्या हातावर ठेवला.

पोरानं पैसे न मोजता आईकडे दिले. प्लग मात्र दाराशी उजेडात नेऊन त्या काळ्या रेघेवरून नखं फिरवत बराच वेळ बघितला. "मी चढावर सांगितलं होतं, अण्णा," तो म्हणाला. "तुम्ही सपाटीवर बघितलं." आवाजात राग होता, आणि असायलाच हवा होता. सहा आठवडे तो हेच सांगत होता, गावात एव्हाना चार माणसांच्या कानावर भलतंच गेलं होतं, आणि पैसे परत दिल्यानं ते ऐकलेलं कोणी विसरत नाही. भाऊ म्हणाला, त्या चार माणसांना मी स्वतः सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यानं ते केलंही, हे मला पोराच्या आईकडूनच पुढं कळलं.

परत कामावर येणार का, याचं उत्तर त्यानं त्या दिवशी दिलं नाही. विचार करतो म्हणाला. अट एकच घातली. गाडीत काही बिघाड आहे असं मी म्हटलं तर अण्णांनी एकदा घाटात माझ्या शेजारी बसून यायचं, मग काय ते ठरवायचं. दुधाच्या गाडीची बदली संपल्यावर, चतुर्थीच्या पुढच्या आठवड्यात, तो आला.

वही आता गाडीत नव्या सुतळीला बांधलेली आहे. पहिल्या पानावर भावानं मोठ्या मराठी अक्षरात प्लग बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवलेत. पोरगा शेवटच्या रकान्यात अजून कन्नडच लिहितो. मध्यंतरी एका रात्री, नऊनंतरच, भावाचा फोन आला. "ताई, वहीचा फोटो पाठवलाय. लगेच वाच. आज त्यानं दोन ओळी लिहिल्यात."

मी चष्मा लावून वाचलं. लिहिलं होतं: 'हूकोसु, एंटु चीला. ओंदु चीला ओद्दे.'

"फ्लॉवर, आठ पोती," मी सांगितलं. "एक पोतं भिजलंय."